वैशाखातला मुहूर्त आणि पुढचे चार दात

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र. लिहिणारी २५ वर्षांची, पतसंस्थेत नोकरी करणारी. नुकताच साखरपुडा झाला, लग्न वैशाखात, म्हणजे हातात जेमतेम चार महिने. नवरा मुलगा पुण्यात असतो. लग्नानंतर तीही तिकडेच जाणार. तिचे वरचे पुढचे दात बरेच पुढे आहेत. मागच्या दाढा मिटल्या तरी वरच्या आणि खालच्या दातांमध्ये पेन्सिल बसते, ओठ मुद्दाम ओढून मिटावे लागतात. साखरपुड्यात मुलाची आत्या म्हणाली, "मुलगी गुणाची आहे, तेवढं दातांचं बघा." तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं की तारा लावल्या तर दीड-दोन वर्षं जातील. त्यापेक्षा पुढच्या चार दातांचं रूट कॅनॉल करून, ते घासून कॅप बसवू, पंधरा दिवसांत दात आत. वडील पैसे भरायला तयार आहेत. आई म्हणते, लहानपणी तुझा अंगठा सोडवला नाही ही माझीच चूक. तारांसाठी वरचे दात काढावे लागले तर डोळ्यांवर परिणाम होईल, अशीही आईला भीती. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "बहिणीच्या आठ वर्षांच्या मुलीचे दातही तसेच येताहेत. तिनं तर कधी अंगठा चोखला नाही. तिचं माझ्यासारखं होऊ नये म्हणून काय करू?"

माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी कॅपचं बोलू, कारण तुमच्या घरातली लगबग बघता तू पुढच्या सोमवारी त्या खुर्चीत बसलेलीही असशील. बसू नकोस. निदान मुहूर्ताकडे बघून तरी बसू नकोस.

"पंधरा दिवसांत दात आत" हे ऐकायला छान वाटतं, पण त्या उपायात दात आत जातच नाहीत. पटाशीच्या दाताचा आपल्याला दिसतो तो भाग अर्ध्याहून कमी. मूळ त्याहून लांब, आणि ते हाडात. तुझे दात पुढे झुकलेत ते मुळासकट, आणि त्यांच्याभोवतीचं हाडही पुढेच आहे. कॅप बसवायची तर वर दिसणारा दात चारही बाजूंनी घासून त्याचा खुंट करायचा आणि त्यावर आतल्या अंगाला कललेली टोपी चढवायची. एवढा कल द्यायचा म्हणजे घासताना नस उघडी पडणार, म्हणून आधी रूट कॅनॉल. पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातलं जवळपास दोन-तृतीयांश जातं. चार धडधाकट, जिवंत दातांच्या नसा काढायच्या, त्यांचं वरचं कवच उतरवायचं, आणि मूळ व हाड होतं तिथंच. ओठाला आधार त्या हाडाचा आणि दाताचा असतो, त्यामुळे बाजूनं काढलेल्या फोटोत ओठ होता जवळपास तसाच दिसतो. दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, एकदा गेलं की शरीर ते पुन्हा तयार करत नाही. हाड भरून येतं, कातडी भरून येते, इनॅमल नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका आल्या होत्या. लग्नाआधी अशाच चार कॅप बसवलेल्या, त्याला नऊ वर्षं झाली होती. हसताना हिरडीच्या कडेला काळी रेघ दिसायची, कारण हिरडी थोडी वर सरकून कॅपच्या आतल्या धातूची कड उघडी पडली होती. पण त्या आल्या होत्या ते भाकरीचा तुकडा तोडताना एक कॅप हलली म्हणून. मी ती हातात घेतली, तर कॅपबरोबर दाताचा खुंटही बाहेर आला, मुळात बसवलेल्या धातूच्या काडीसकट. मूळ उभं चिरलं होतं. तो दात काढण्यावाचून इलाज नव्हता. बाई ३४ वर्षांच्या होत्या, आणि तारा लावायला तेव्हाही उशीर झालेला नव्हता, पण लावायच्या कशावर?

सगळ्यांचं असंच होतं, असं नाही. नीट केलेली कॅप १०-१५ वर्षं चालते. पण तू २५ ची आहेस. पुढच्या आयुष्यात ती तीन-चारदा बदलावी लागेल, आणि दर वेळी खालचा दात थोडा कमी होत जाईल. हा हिशेब "पंधरा दिवसां"त कुणी धरलेला नसतो.

तुमच्या डॉक्टरांना मी लबाड ठरवत नाही. लग्नसराईत त्यांच्याकडे रोज कुणी तरी येऊन म्हणत असणार, "डॉक्टर, तारखेच्या आत करा." जे मागितलं, ते त्यांनी सांगितलं. दात आधीच किडलेला असेल, तुटलेला असेल, अपघातानं काळा पडलेला असेल, तर कॅप हा उत्तम उपाय आहे, मी स्वतः शेकडो बसवल्यात. तुझे दात तसे नाहीत. ते चांगले आहेत, फक्त जागेवर नाहीत.

आता त्या चार महिन्यांचं. तुझ्या चार पानी पत्रात आत्या काय म्हणाल्या, आई काय म्हणाली, वडील काय म्हणाले, डॉक्टर काय म्हणाले, सगळं आलंय. ज्याच्याशी लग्न करतेस तो या दातांबद्दल काय म्हणाला, ते कुठंच नाही. बहुधा तू त्याला विचारलंच नाहीस. त्यानं कांदेपोहे खाताना तुला याच दातांसह बघितलं आणि होकार दिला. आता साखरपुड्यात आत्या एक वाक्य बोलून गेल्या (लग्नाच्या घरात आत्या बोलणारच, ते त्यांचं मानाचं काम असतं) आणि त्या एका वाक्यावर चार दातांच्या नसा काढायच्या? त्याला फोन करून एवढंच सांग: "माझ्या मनात दातांवर उपचार घ्यायचेत, पण तारांनी, आणि त्याला दोन वर्षं लागतील, म्हणजे लग्नानंतरही तारा असतील." त्यावर तो काय म्हणतो ते तुला लग्नाआधी कळलेलं बरं.

दुसरी गोष्ट, तुझं स्वतःचं मतही पत्रात सापडलं नाही. "आहेस तशी छान आहेस, काही करू नकोस" असलं मी सांगणार नाही. इतकी वर्षं तोंडावर हात धरून हसणाऱ्या मुली पाहिल्यात मी. माझ्यासमोर एकटीच बसलेली असायची, तरी हसू आलं की उजवा हात आपोआप वर. दिसण्यासाठी दात सरळ करावेसे वाटणं यात काही उथळ नाही. शिवाय तू लिहितेस की ओठ ओढून मिटावे लागतात. ओठ सहज मिटत नाहीत तेव्हा तोंड कोरडं पडतं, पुढच्या हिरड्या सुजतात, हनुवटीचा स्नायू सतत ताणलेला राहतो. आरशासमोर ओठ मीट आणि हनुवटी बघ. संत्र्याच्या सालीसारख्या बारीक खळ्या पडत असतील तर तो त्याच ताणाचा पुरावा. म्हणून उपचार जरूर घे. फक्त तारीख डॉक्टरांनी ठरवू दे, भटजींनी नको.

आईची चूक किती, हेही बघू.

चार वर्षांपर्यंत मूल अंगठा चोखतं त्यात बिघडत नाही. पुढचे कायमचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येतात. तेव्हाही अंगठा सुटलेला नसेल, आणि मुख्य म्हणजे रात्रभर तोंडात असेल, तर वरचे दात पुढे, खालचे आत ढकलले जातात. किती जोरात चोखलं यापेक्षा किती तास चोखलं याला महत्त्व. तू सात-आठ वर्षांपर्यंत चोखायचीस असं लिहितेस, तेव्हा थोडा वाटा अंगठ्याचा असेलच. पण मग भाचीचं काय? तिनं अंगठा तोंडात घातला नाही, असं तूच लिहितेस. दोघींमध्ये सारखं काय आहे? घराणं. जबड्याची लांबी, दातांची रुंदी, चेहऱ्याची ठेवण हे सगळं वारशानं येतं. आजोळच्या एखाद्या जुन्या लग्नाचा फोटो काढ आणि बाजूनं बसलेल्या माणसांच्या हनुवट्या बघ. आईला तो फोटो दाखव, तिचं ओझं जरा हलकं होईल.

हनुवटी बघ असं मी उगाच म्हणत नाही. "दात पुढे आहेत" असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा वरचा जबडा जागेवरच असतो, खालचा जबडा लहान किंवा मागे राहिलेला असतो. उपचार कोणता, हे त्यावरच ठरतं. म्हणूनच नुसतं तोंड उघडून बघून निर्णय होत नाही. बाजूनं काढलेला डोक्याचा एक्स-रे लागतो, त्याला सेफॅलोग्राम म्हणतात, आणि सगळे दात एका पट्टीत दिसणारा ओपीजी. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून वर्ग पाडले, तेच आजही चालतात. तुझ्या कागदावर बहुधा "क्लास टू डिव्हिजन वन" असं लिहिलेलं दिसेल. कुठलाही भयंकर आजार नाही, तू वर वर्णन केलंस तेच डॉक्टरी भाषेत लिहिलेलं.

आणखी एक गंमत, म्हणजे ज्याची आहे त्याला नाही गंमत वाटणार. दात थोडे पुढे गेले की खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन बसतो. गिळताना, बोलताना, झोपेतही तो आतून दात पुढे लोटत राहतो. सुरुवात कशानंही झालेली असो, पुढचं काम ओठ करतो. आता हे वाचताना तुझा खालचा ओठ कुठं आहे ते बघ.

आता तुझ्यावरचा उपचार. दात हाडात खांबासारखा गच्च रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांची एक गादी असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. तारेनं हलका पण सतत दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड हळूहळू विरघळतं, मागच्या बाजूला नवं हाड तयार होतं. अशा रीतीनं दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. घाई करून जोर वाढवला तर लवकर होत नाही, उलट गादीचा रक्तपुरवठा तुटतो आणि काम अडतं. दोन वर्षं कशाला लागतात याचं उत्तर एवढंच आहे. २५ व्या वर्षी हे होतं का? होतं. चाळिशीत होतं, पन्नाशीत होतं. हिरड्या आणि हाड निरोगी हवं, वय आड येत नाही. मोठ्या माणसात जबड्याची वाढ वळवता येत नाही एवढंच. दात वळवता येतात.

पेन्सिल बसते म्हणजे अंतर सात मिलिमीटरच्या आसपास. दोन-तीन मिलिमीटर अंतर सगळ्यांनाच असतं. दात चार-पाच मिलिमीटर मागे न्यायचे तर मागे जागा हवी, आणि ती बहुधा सुळ्याच्या मागची एकेक उपदाढ काढून करतात. "चांगले दात काढायचे?" असं आई विचारेल. रास्त प्रश्न आहे. पण इथं काढलेल्या उपदाढेची जागा पुढचे दात मागे सरकून भरतात, फट राहत नाही, आणि चारही पटाशीचे दात स्वतःच्या नसेसह जिवंत राहतात. प्रत्येकाला दात काढावे लागतातच असं नाही; आधीच फटी असतील तर त्यातच भागतं. आणि आईला सांग, वरचा दात काढल्यानं नजरेला काही होत नाही. दाताची संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. म्हातारपणी दातही जातात आणि नजरही मंदावते. एकाच वयात घडणाऱ्या दोन गोष्टींची आपल्या लोकांनी गाठ मारली, इतकंच. खेड्यातली कितीतरी माणसं त्या भीतीनं किडकी दाढ वर्षानुवर्षं तोंडात सांभाळत बसतात.

एक्स-रेमध्ये जबड्यांतलाच फरक मोठा निघाला तर डॉक्टर शस्त्रक्रियेचं नाव काढतील. खालचा जबडा पुढे आणणं किंवा वरचा मागे बसवणं, तेही तारांच्या जोडीनंच. ती मोठी गोष्ट आहे, रुग्णालयात राहावं लागतं. बहुतेकांना तिची गरज पडत नाही. तुला पडेल की नाही ते एक्स-रेशिवाय मी सांगू नये.

पारदर्शक अलायनरच्या, म्हणजे दातांवर चढवायच्या काढत्या-घालत्या साच्यांच्या, जाहिराती तुझ्या फोनवर येत असतीलच. चांगली गोष्ट आहे, पण दिवसातले २०-२२ तास घालावे लागतात आणि दात काढून मोठं अंतर भरायचं असेल तर तारांचा हात जास्त बसलेला आहे. कुणी नुसता फोटो मागवून, एक्स-रे न काढता घरपोच पाठवत असेल तर तिकडे फिरकू नकोस. तारा दिसू नयेत असं वाटत असेल तर दाताच्या रंगाच्या सिरॅमिकच्या मिळतात, थोड्या महाग. दातांच्या मागून लावायच्याही असतात, पण त्या लावणारे डॉक्टर थोडे आणि खर्च बराच.

डॉक्टर निवडताना पाटीवर "एमडीएस, ऑर्थोडॉन्टिक्स" आहे का बघ. बीडीएसनंतर तीन वर्षं याच कामाचं शिक्षण असतं ते. आणि इथं एक व्यवहाराची गोष्ट, जी तुझ्या घरात कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही: उपचार दोन वर्षांचा आहे आणि तू चार महिन्यांनी पुण्याला चाललीस. दर चार-सहा आठवड्यांनी तार बदलायला सांगलीला येणार आहेस का? अर्ध्यावर डॉक्टर बदलणं दोन्ही डॉक्टरांना नको असतं, आणि पैशाचा हिशेब तर कधीच जुळत नाही. म्हणून सुरुवात पुण्यातच कर, सासरच्या घरापासून जवळच्या ठिकाणी. लग्नाआधी एकदा जाऊन एक्स-रे आणि साचे होऊन जाऊ देत.

मग लग्नात तारा असाव्यात की लग्न झाल्यावर लावाव्यात? हे मात्र तू ठरव. आत्ता लावल्या तर चार महिन्यांत दात ओळीत येऊ लागतील, पुढे-मागे मात्र फारसे झालेले नसतील, आणि अल्बमभर तारा दिसतील. लग्नानंतर लावल्या तर अल्बममध्ये आत्ताचे दात दिसतील. मी तुझ्या जागी असते तर दातांची सफाई करून घेतली असती, केळवणं मनसोक्त खाल्ली असती आणि लग्नानंतर महिन्याभरानं तारा लावल्या असत्या. तारा असताना पेरू दातानं तोडता येत नाही, ऊस, कणीस, चिक्की, कडक लाडू सगळं बंद. केळवणाच्या ताटापुढं नाही म्हणत बसणं वधूला परवडत नाही. पण तुला उलट वाटलं तर तेही चूक नाही. पाळणा लवकर हलवायचा विचार असेल तर एक्स-रे आधी उरकून घ्या. गरोदरपणात तारा चालतात, फक्त हिरड्या लवकर सुजतात म्हणून घासणं काटेकोर हवं.

खर्चाचं. साध्या धातूच्या तारांना जिल्ह्याच्या ठिकाणी साधारण तीस ते पन्नास हजार, पुण्यात त्याहून जास्त, आणि ते हप्त्यानं देता येतात. चार चांगल्या कॅप आणि चार रूट कॅनॉल यांचा आकडा काढून बघ, फार खाली नसेल. पैशाची खरोखर अडचण असलेल्या इतर वाचकांसाठी सांगते: दंत महाविद्यालयांच्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागात हेच काम बरंच कमी खर्चात होतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, तुमच्या बाजूला सांगली, कराडलाही खासगी दंत महाविद्यालयं आहेत. तिथं पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, रांग असते. पहिल्याच दिवशी विचारा की तुमची केस घेणारा विद्यार्थी कितव्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचा असेल तर तोच तुमचं काम पूर्ण करून जाईल.

तारा निघाल्या की लोक पेढे वाटतात आणि रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन, पेटीत ठेवून विसरतात. तसं करू नकोस. दात नव्या जागी आले तरी हिरडीतले धागे जुन्या जागेकडे ओढत राहतात, त्यांना बसायला वर्षभर लागतं. पहिल्या वर्षी डॉक्टर सांगतील तितके तास आणि पुढे रात्री, कायमचं. "माझे तर परत पुढे आले" असं सांगणाऱ्या दहाजणांपैकी नऊजणांनी रिटेनर कधी घातलं होतं, हे त्यांना आठवत नसतं. हा आकडा माझ्या दवाखान्यातला, अंदाजाचा.

आता भाची. तिच्याबद्दलची एक ओळ तू शेवटी लिहिलीस, पण वेळेची घाई खरी तिला आहे.

आठव्या वर्षी दात विचित्रच दिसतात. पुढचे दोन मोठे दात त्या लहानशा तोंडात फावड्यासारखे वाटतात, मध्ये फट असते, बाजूचे तिरके असतात. त्यातलं बरंचसं ११-१२ व्या वर्षी सुळे आले की आपोआप मिटतं. फट मिटते, सात मिलिमीटर पुढे आलेले दात मात्र आपोआप मागे जात नाहीत. "दुधाचे सगळे पडू देत, मग बघू" हे अर्धंच खरं आहे. तारा मग लावा, पण बघून आत्ताच घ्या. सातव्या वर्षाच्या आसपास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवावं असं या क्षेत्रात मानलं जातं. बहुतेक मुलांना "सहा महिन्यांनी या" एवढंच सांगतात.

बहिणीला विचार: मुलगी झोपते तेव्हा तोंड उघडं असतं का? घोरते का? बारा महिने सर्दी असते का? नाकामागच्या गाठी, म्हणजे ॲडेनॉइड, वाढल्या असतील किंवा ॲलर्जी असेल तर मूल तोंडानं श्वास घेतं, जीभ खाली राहते, वरचा जबडा अरुंद होत जातो. तसं असेल तर दातांच्या डॉक्टरआधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जायला हवं.

तिचा खालचा जबडा मागे असेल तर वाढीचा जोर असतो तेव्हा, मुलींमध्ये साधारण १० ते १३ च्या दरम्यान, काढता-घालता येणाऱ्या साधनांनी तो पुढे धरून ठेवता येतो. ट्विन ब्लॉक हे त्यातलं एक; स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये तयार केलेलं. वर-खाली दोन पट्ट्या, त्यांचे उतार एकमेकांवर असे बसतात की तोंड मिटलं की जबडा पुढेच यावा लागतो. ही संधी तुझी गेली, तिची अजून यायची आहे. मग आठव्या वर्षीच का नको? अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात असं दिसलं की लहानपणी एकदा आणि किशोरवयात पुन्हा, असे दोन टप्पे केल्यानं शेवटी दात काही जास्त चांगले होत नाहीत. किशोरवयात एकदाच केलं तरी चालतं. एक फायदा मात्र लहानपणी केल्याचा आढळला: पुढचे दात आपटून तुटण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे भाची शांतपणे चित्रं काढत बसणारी असेल तर थांबायला हरकत नाही. सायकल, खो-खो, झाडावर चढणं असलं सगळं करणारी असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

आणि शाळेत पडून तिचा कायमचा दात मुळासकट निखळलाच, तर तो वरच्या, दिसणाऱ्या बाजूनं उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती असेल तर हलकेच धुवून शक्य असेल तर तिथंच परत बसवा, नाही तर थंड दुधात टाका आणि तासाभराच्या आत, जमलं तर अर्ध्या तासात, डॉक्टर गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

अंगठा चोखणारं दुसरं मूल घरात असेल तर त्याच्या अंगठ्याला मिरची, कारल्याचा रस लावू नका. मूल रडतं आणि झोपेत पुन्हा चोखतं. अंगठा कोरडा राहिला त्या प्रत्येक रात्रीला कॅलेंडरवर एक टिकली, आणि झोपताना हाताला मोजा, याचा माझा अनुभव जास्त चांगला आहे.

जाता जाता मोठ्या वाचकांसाठी. "डॉक्टर, माझे दात तरुणपणी सरळ होते, आता पंचेचाळिशीत पुढे यायला लागलेत, मध्ये फटी पडल्यात" अशी पत्रंही मला येतात, बहुतेक बायकांची. हे वेगळं दुखणं. हिरडीच्या आजारानं मुळाभोवतीचं हाड झिजलं की दात सुटे होऊन पुढे पसरतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या कितीतरी जणींचं असं होतं, आणि मधुमेह आटोक्यात नसेल तर आणखी लवकर. अशा वेळी तारांचं नाव नंतर. आधी हिरड्यांवर उपचार आणि रक्तातली साखर तपासणं.

तर, सोमवारची खुर्ची रद्द कर. त्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला असेल तर तो मागून घे, पैसे भरलेत तर तो तुझा आहे. आणि पुण्याला पहिल्यांदा दाखवायला जाशील तेव्हा नवऱ्या मुलालाही बरोबर ने. तारा लागल्यावर पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात, गरगटा वरणभात सोडून काही चावत नाही, आणि तो कुणी तरी करून घालावा लागतो.